मधुमेही पायावरचा प्रबंध: सिनॉप्सिसपासून सबमिशनपर्यंत

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिकला उभं राहिलं आणि राज्यातल्या ॲलोपॅथी, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा शाखांची कॉलेजं त्याच्या कक्षेत आली. एमडी, एमएस करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध द्यावा लागतो. तो शेवटी, लिहायच्या घाईत बिघडतो असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर तो पहिला रुग्ण घेण्याआधीच्या तीन-चार महिन्यांतच बिघडतो किंवा सावरतो. प्रश्न सैल राहिला, मोजायची रीत पक्की झाली नाही, संमतीपत्र रुग्णाला कळलंच नाही, तर पुढे कितीही हुशार स्टॅटिस्टिशियन गाठला तरी त्याच्या हातात काही उरत नाही. म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्या सुरुवातीच्या महिन्यांवर आहे.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे: मधुमेह्याचा पाय, म्हणजे मधुमेहाने बधिर झालेला, जखमा लवकर न भरणारा पाय. हा पाय प्रत्येक सरकारी रुग्णालयात रोज येतो, आणि विद्यापीठातल्या जवळजवळ सगळ्या विभागांना त्याबद्दल काही ना काही विचारता येतं.

एक पाय, अनेक विभाग

मेडिसिनवाला विचारतो, संवेदना गेलेले रुग्ण किती आणि कुणाची आधी जाते? सर्जरीवाल्याला जखम भरायला किती दिवस लागतात आणि बोट किंवा पाय कापायची वेळ कुणावर येते हे हवं असतं. मायक्रोबायोलॉजीचा प्रश्न जखमेत कोणते जंतू आहेत आणि ते कोणत्या औषधाला दाद देत नाहीत हा. बायोकेमिस्ट्री तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, बघते. फिजिओथेरपी तळव्यावर दाब कुठे पडतो ते मोजते, नर्सिंग पाय तपासायला शिकवल्यावर घरी ती सवय टिकते का ते पाहतं. आयुर्वेदाच्या शल्यतंत्र विभागाला व्रण धुण्याच्या एखाद्या क्वाथाची (काढ्याची) तुलना करायची असते, आणि पीएसएमचा, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विभागाचा, विद्यार्थी गावात जाऊन अनवाणी चालणारे मधुमेही किती ते मोजतो.

पाय तोच असला तरी प्रत्येक प्रश्नाला लागणारी रचना वेगळी असते. ‘किती?’ विचारलंत तर एकदाच केलेली पाहणी पुरते. ‘कशामुळे?’ विचारलंत तर तुलनेला दुसरा गट लागतो. ‘कुणाला पुढे होईल?’ याला रुग्ण महिनोन्‌महिने धरून ठेवावे लागतात, आणि पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या, तीन वर्षांत ते क्वचितच साधतं. ‘कोणता उपचार बरा?’ असं विचारलंत की चिठ्ठ्या टाकून दोन गट करणं आलं; त्यालाच आरसीटी म्हणतात. विभाग आणि प्रश्न ठरला की रचना आपोआप ठरते. उलट करू नका. ‘मला आरसीटी करायची आहे, विषय सुचवा’ ही सुरुवातच चुकीची.

विषय रजिस्टरमध्ये शोधा

विषय शोधायला पबमेड ही वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची उघडण्याआधी ओपीडीचं रजिस्टर उघडा. मागच्या वर्षाचे कुठलेही तीन महिने घ्या, एक पावसाळ्यातला आणि एक दिवाळीनंतरचा धरून. तुम्हाला हवे तसे रुग्ण किती आले ते बोटाने मोजा. कॉम्प्युटरवरच्या आकड्यात एकच माणूस पाच वेळा मोजलेला असतो, कारण औषधं संपली की तो पुन्हा नवा केसपेपर काढतो. रजिस्टर मोजायला एक दुपार लागते आणि पुढची दोन वर्षं वाचतात. दुर्मीळ आजारावर विषय घेऊन शेवटी अकरा रुग्णांवर प्रबंध संपवायची वेळ येते ती ही दुपार टाळल्यामुळे.

त्यानंतर मागचं संशोधन शोधा. पबमेडमध्ये नुसतं ‘डायबेटिक फूट’ टाकलंत तर ढीग येईल. मेश नावाच्या ठरावीक शब्दसूचीतले शब्द वापरा आणि भारतातले अभ्यास वेगळे काढा. कॉलेजच्या ग्रंथालयातले तुमच्याच विभागाचे मागच्या दहा वर्षांचे प्रबंध चाळा. तिथे दोन गोष्टी कळतात: काय झालेलं आहे, आणि ‘अभ्यासाच्या मर्यादा’ या पानावर मागच्यांना काय नडलं.

आता प्रश्न एका वाक्यात लिहा. त्यात चार गोष्टी आल्याच पाहिजेत: कोणते रुग्ण, कशाचा अभ्यास, कशाशी तुलना (असल्यास) आणि काय मोजणार. ‘मधुमेही पायाचा अभ्यास’ हा प्रश्न नाही. ‘किमान पाच वर्षं मधुमेह असलेल्या, सध्या जखम नसलेल्या ओपीडीतल्या प्रौढ रुग्णांपैकी किती जणांच्या तळव्याची संरक्षक संवेदना गेली आहे?’ हा प्रश्न आहे.

मुख्य मोजमाप एकच असावं. याचा उत्तम नमुना महाडचा आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर केलेली चाचणी २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. रुग्ण फक्त ७०. एका गटाला प्राझोसिन हे औषध, दुसऱ्याला प्राझोसिन अधिक प्रतिविष. मुख्य प्रश्न एवढाच की दहा तासांत विषबाधेची लक्षणं पूर्ण गेली का? प्रतिविष मिळालेल्या गटात ९१.४ टक्के, नुसतं प्राझोसिन मिळालेल्या गटात २२.९ टक्के. कोकणातला रोजचा आजार, घड्याळ लावून मोजता येणारी एक गोष्ट, आणि जगाला उपयोगी पडणारं उत्तर. पीजीच्या प्रबंधात सहा-सात उद्दिष्टं लिहायची पद्धत पडली आहे. दोन किंवा फार तर तीन पुरेत. प्रत्येक उद्दिष्टाला शेवटी एक तक्ता लागतो. जो तक्ता आज रिकामा आखता येत नाही, ते उद्दिष्ट आजच खोडा.

किती रुग्ण लागतील

‘किती?’ या प्रश्नासाठी आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं सूत्र म्हणजे फोर पी क्यू बाय एल स्क्वेअर. पी म्हणजे आधीच्या अभ्यासात दिसलेलं टक्केवारीतलं प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा, आणि एल म्हणजे तुम्ही किती टक्के इकडेतिकडे चालवून घेणार. समजा आधीच्या अभ्यासात संवेदना गेलेले ३० टक्के होते. ४ × ३० × ७० = ८४००. एल ५ धरला तर ८४०० भागिले २५, म्हणजे ३३६ रुग्ण. एल ७ धरला तर भागिले ४९, म्हणजे १७२. एल १० धरला तर ८४.

इथे नेहमीची चूक अशी: एलची किंमत ‘पीच्या २० टक्के’ धरायची, म्हणजे ३० चे २० टक्के, ६, आणि उत्तर २३४ काढायचं, पण सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे अभ्यासाआधी द्यायच्या आराखड्यात, मात्र ‘२० टक्के चूक’ एवढंच लिहायचं. वाचणाऱ्याला ते ३० उणे-अधिक २० वाटतं. एल सरळ आकडा आहे की पीचा हिस्सा, ते शब्दांत लिहा. दुसरी चूक याहून वाईट: आधी ‘१०० रुग्ण’ ठरवायचे आणि मग १०० येईल असा एल शोधायचा. परीक्षकाला हे लगेच दिसतं, कारण एल ९.१७ निघतो.

१७२ ठरले तर दहा टक्के गळती (मधेच सुटणारे रुग्ण) धरून १७२ भागिले ०.९, म्हणजे १९२ गाठायचे. आता वेळेचा हिशोब करा. मधुमेहाची ओपीडी आठवड्यातून दोन दिवस. संमतीपासून तपासणीपर्यंत एका रुग्णाला वीस मिनिटं धरली, तर गर्दीत एकट्याने नीट पाच रुग्ण होतात. आठवड्याला दहा, म्हणजे १९२ ला साधारण वीस आठवडे. त्यात इमर्जन्सी, रजा, सणाच्या सुट्ट्या, परीक्षा हे धरून दुप्पट करा: चाळीस आठवडे. ३३६ घेतले असते तर गळतीसह ३७४, आणि तोच हिशोब दीड वर्षाच्या आसपास जातो. सॅम्पल साइझ ठरवताना एल किती धरायचा याचं प्रामाणिक उत्तर या हिशोबात असतं, आणि ते सिनॉप्सिसमध्ये लिहायला लाजायचं कारण नाही.

दोन उपचारांच्या तुलनेला वेगळं सूत्र लागतं. जुन्या ड्रेसिंगने सहा आठवड्यांत ४० टक्के जखमा भरतात आणि नव्याने ६० टक्के भरतील असं मानलं, तर ८० टक्के पॉवरने (म्हणजे फरक खरा असेल तर तो दिसण्याची शक्यता ८० टक्के) प्रत्येक गटात ९५ रुग्ण लागतात, गळती धरून १०६. म्हणजे एकूण २१२ जखमा. बहुतेक कॉलेजांत एका पीजीच्या हाताखालून दीड वर्षात एवढ्या सारख्या जखमा जात नाहीत. हा आकडा बघूनच कितीतरी आरसीटी वेळेवर सोडून द्यायला हव्यात.

मोजायची रीत: दहा ग्रॅमचा धागा

संरक्षक संवेदना तपासायला नायलॉनचा एक धागा वापरतात, त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. त्वचेवर उभा दाबला की तो १० ग्रॅम दाबाला वाकतो. हा दाब कळला नाही, तर पायात खडा टोचला, चप्पल घासली, गरम फरशीने भाजलं तरी कळणार नाही. साधन साधं आहे, पण वापरण्यात इतक्या चुका होतात की दोन पीजींनी तपासलेला तोच रुग्ण एकाच्या तक्त्यात ‘नॉर्मल’ आणि दुसऱ्याच्या तक्त्यात ‘संवेदना नाही’ निघतो.

इंटरनॅशनल वर्किंग ग्रुप ऑन द डायबेटिक फूटची रीत अशी. रुग्णाला निजवा किंवा पाय वर घेऊन बसवा, मोजे-चप्पल काढून. आधी धागा त्याच्या हातावर टेकवून दाखवा, म्हणजे काय जाणवायला हवं ते त्याला कळतं आणि सुईची भीती जाते. मग डोळे मिटायला सांगा. प्रत्येक पायावर तीन जागा: अंगठ्याचा तळ, चवड्यावर अंगठ्याच्या मुळाशी, आणि चवड्यावर करंगळीच्या मुळाशी. धागा त्वचेला काटकोनात टेकवा, वाकेल एवढा दाबा, उचला. टेकवणं, दाबणं, उचलणं मिळून दोन सेकंद. घासू नका, त्याच जागी सारखा टोचू नका. दर जागी तीनदा विचारा, त्यातलं एकदा धागा न टेकवता. ‘लागतंय का?’ आणि ‘कुठल्या पायाला?’ असे दोन्ही प्रश्न विचारा. तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर त्या जागी संवेदना आहे. तीनपैकी दोन चुकली तर नाही.

आता आपल्याकडच्या अडचणी. शेतात अनवाणी वावरणाऱ्यांचा तळवा जाड असतो. घट्टा, भोवरी, भेगा किंवा जखमेचा वण असेल तिथे धागा टेकवू नका. बाजूच्या मऊ त्वचेवर टेकवा. घट्ट्यावर तपासलंत तर निरोगी शेतकऱ्याची संवेदनाही ‘गेली’ असं निघेल, आणि तुमचा अभ्यास मधुमेहाऐवजी नांगरटीचा होईल. पावसाळ्यात चिखलाचे पाय आधी धुवून कोरडे करून घ्या. गर्दीत नातेवाईक शेजारी उभे असतात आणि तेच ‘हो, लागलं’ म्हणतात. त्यांना मागे उभं करा.

धागाही थकतो. एका दिवसात दहा-पंधरा रुग्ण तपासले की त्याला चोवीस तास विश्रांती द्यायची, आणि ७० ते ९० रुग्णांनंतर तो बदलायचा. म्हणजे १९२ रुग्णांना किमान तीन धागे. तिन्ही एकाच कंपनीचे घ्या, त्यांना क्रमांक द्या आणि प्रोफॉर्म्यात, म्हणजे रुग्णाची माहिती भरायच्या फॉर्मात, ‘धागा क्रमांक’ असा एक रकाना ठेवा. मधेच धागा बदलल्याने निकाल सरकले का, हे फक्त त्या रकान्यामुळे शोधता येतं.

सुरुवातीला वीस रुग्ण दोघांनी, एकमेकांचा निकाल न बघता तपासा. किती वेळा जुळलं ते काप्पा नावाच्या आकड्याने मांडता येतं. जुळलं नाही तर रीत पुन्हा पक्की करा. हे वीस रुग्ण अभ्यासात धरू नका.

कोणते रुग्ण वगळायचे तेही इथेच ठरतं. पाय बधिर होण्याला मधुमेह हे एकच कारण नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूला बधिर पायामागे कुष्ठरोग असू शकतो. त्वचेवरचे चट्टे आणि जाड झालेल्या नसा तपासल्याशिवाय रुग्ण घेऊ नका. दारूचं प्रमाण विचारा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं आणि त्यानेही पायाला मुंग्या येतात, म्हणून मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे त्याचा रकाना हवाच.

एचबीए१सीचं रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घ्या आणि ट्यूब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करा. सिकल सेलचा आजार असलेल्यांत लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे हा आकडा खोटा कमी येतो. लोह कमी पडून झालेल्या ॲनिमियात तो खोटा जास्त येऊ शकतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे अभ्यास करणाऱ्यांनी हिमोग्लोबिन आणि सिकलची चाचणी सोबत लावावी. या तपासणीचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. संशोधनासाठी केलेल्या तपासणीचा खर्च कुणाचा, हे एथिक्स कमिटी, म्हणजे अभ्यासाला मंजुरी देणारी नैतिकता समिती, विचारतेच.

मायक्रोबायोलॉजीचा विषय असेल तर जखमेच्या वरवरचा स्वॅब घेऊ नका. तिथले जंतू नुसते बसलेले असतात. जखम सलाइनने धुऊन, मेलेला भाग काढून, तळातला ऊतीचा तुकडा घ्या, जमेल तेव्हा नवं प्रतिजैविक सुरू करण्याआधी, आणि शक्यतो दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवा. रात्री घेतलेला नमुना सकाळपर्यंत वॉर्डातल्या टेबलावर राहिला, तर उगवतील ते कुठले जंतू याची खात्री देता येत नाही.

एथिक्स कमिटी आणि मराठीतलं संमतीपत्र

समितीसमोर जाण्याआधी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं एकदा वाचा. समितीत किमान सात सदस्य असतात आणि त्यांत वैद्यकीय मंडळींबरोबर कायदा जाणणारे आणि सामान्य नागरिकही असतात. २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्सनुसार अशा समितीची नोंदणी झालेली असावी लागते. तुमच्या समितीचा नोंदणी क्रमांक आणि मुदत बघून ठेवा. जुने केसपेपर, नावं काढून, नुसते चाळायचे असतील तर संमतीतून सूट मागता येते, पण ती समितीकडे मागावी लागते, स्वतःच गृहीत धरता येत नाही. मंजुरीच्या तारखेआधी घेतलेला एकही रुग्ण अभ्यासात धरता येत नाही.

फाइल परत येते ती बहुतेकदा संमतीपत्रावरून. कारण विद्यार्थी इंग्रजी मसुदा कुणाकडून तरी ‘शुद्ध मराठीत’ करून घेतात. नमुना बघा:

‘सदर संशोधनातील सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून सहभागी व्यक्ती कोणत्याही टप्प्यावर कारण न देता माघार घेण्यास मुखत्यार आहे.’

ओपीडीतल्या मावशींना यातला ‘मुखत्यार’ जमिनीच्या कागदावरचा वाटतो आणि त्या सही करायला कचरतात. हेच असं लिहा:

‘भाग घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं. नाही म्हणालात तरी तुमची औषधं आणि तपासणी आहे तशीच चालू राहील. हो म्हणाल्यावर मधेच नको वाटलं तरी तसं सांगा, कारण विचारलं जाणार नाही.’

‘प्रयोग’ हा शब्द टाळा. आपल्यावर काहीतरी करून बघणार आहेत असा त्याचा अर्थ घेतला जातो. ‘तपासणी’, ‘अभ्यास’ हे शब्द चालतात. काय करणार ते डोळ्यांपुढे येईल असं लिहा: ‘तुमच्या तळव्याला नायलॉनचा धागा टेकवून बघू. तो टोचत नाही. हातातून साधारण अर्धा चमचा रक्त घेऊ.’ २ मिली म्हणण्यापेक्षा चमचा कळतो. तुमचं आणि समितीच्या सदस्य सचिवांचं नाव आणि फोन हवा. लिहिलेलं मराठी वेगळ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्या, आणि ते मूळ मसुद्याशी ताडून बघा. मुंबईत हिंदी प्रत लागेलच. गडचिरोलीत माडिया-गोंडी, नंदुरबारला भिली-पावरी बोलणारी माणसं येतात. त्यांच्यासाठी समजावणारी व्यक्ती कोण, ते आधी ठरवा.

लिहिता-वाचता न येणाऱ्या रुग्णाला पत्र वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा, आणि निःपक्ष साक्षीदाराची सही घ्यायची. साक्षीदार म्हणजे तुमचा ज्युनियर किंवा वॉर्डातली सिस्टर नव्हे; अभ्यासाशी संबंध नसलेली, वाचता येणारी व्यक्ती. मुलांवर अभ्यास असेल तर सात ते बारा वयात तोंडी होकार, बारा ते अठरात लेखी होकार, आणि दोन्ही वेळी पालकांची संमती. एक प्रत रुग्णाला द्यायचीच. संमती रांगेत उभ्या माणसाकडून घेऊ नका. औषधं मिळाल्यावर घेतली तर ‘नाही म्हटलं तर औषध मिळणार नाही’ ही भीती आपोआप जाते.

लक्षणांचे प्रश्नही असेच बोलीत विचारा. ‘पायात बधिरता आहे का?’ ला बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. ‘कापसावर चालल्यासारखं वाटतं का? चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही असं होतं का? रात्री पांघरुणाचाही त्रास होतो का?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं.

उपचारांची तुलना असेल तर

रुग्णांना काही देऊन परिणाम बघणार असाल, मग ते औषध असो, ड्रेसिंग, व्यायाम किंवा क्वाथ, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंद करावी लागते. ती मोफत आहे आणि पीजीचा प्रबंध म्हणूनही करता येते. १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त आधीची नोंद होते: पहिला रुग्ण घेतल्यावर अर्ज केलात तर नोंद मिळत नाही, आणि नोंदीशिवाय बरीच नियतकालिकं लेख घेत नाहीत. त्यांच्याकडून शंका परत येतात, उत्तरं द्यावी लागतात. पहिला रुग्ण घ्यायच्या महिना-दीड महिना आधी अर्ज करा.

सोमवारच्या रुग्णांना एक आणि गुरुवारच्यांना दुसरं ड्रेसिंग, किंवा केसपेपरचा आकडा सम-विषम, याला चिठ्ठ्या टाकणं म्हणत नाहीत. कुठला रुग्ण कुठे जाणार हे आधीच माहीत असलं की माणूस नकळत बरी जखम नव्या ड्रेसिंगला ठेवतो. कॉम्प्युटरने यादी काढा, चार आणि सहाचे गट मिसळून. सगळे गट चारचे ठेवले तर चौथा रुग्ण ओळखता येतो. यादी अभ्यासाबाहेरच्या व्यक्तीने करावी, आरपार न दिसणाऱ्या क्रमांकित पाकिटांत घालावी, आणि संमती झाल्यावरच पाकीट फोडावं. जखम भरली का ते बघणाऱ्याला गट माहीत नसावा. ड्रेसिंग लपवता येत नाही, पण जखमेचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, दुसऱ्याला दाखवता येतो.

मास्टर चार्ट

मास्टर चार्ट म्हणजे सगळ्या रुग्णांची माहिती भरायचा कॉम्प्युटरवरचा तक्ता. एक ओळ म्हणजे एक रुग्ण, एक रकाना म्हणजे एक माहिती. डावा आणि उजवा पाय वेगळ्या रकान्यांत. सेल एकत्र करू नका, रंग देऊन अर्थ सांगू नका. स्टॅटिस्टिक्सच्या प्रोग्रॅमला रंग वाचता येत नाही. ‘९.२%’ असं लिहिलेला एचबीए१सी मजकूर समजला जाऊ शकतो, नुसतं ९.२ लिहा. हो म्हणजे १, नाही म्हणजे ०. माहिती नसेल तर जागा रिकामी. तिथे ० टाकलंत तर ते ‘नाही’ मोजलं जातं. तारीख सगळीकडे एकाच क्रमाने, नाहीतर ०५/०६ कधी पाच जून होतो, कधी सहा मे.

नाव, फोन, गाव या फाइलमध्ये नको. रुग्णाला अभ्यास क्रमांक द्या. क्रमांक आणि नावाची जोडयादी वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड लावून, गाइडकडे. रकान्यांचे अर्थ सांगणारं एक पान आजच करा. वर्षाने ‘संवे_उ_३’ म्हणजे काय ते आठवत नाही. दर पंचवीस रुग्णांनंतर कागदी प्रोफॉर्म्यांपैकी तीन-चार उचलून चार्टशी ताडून बघा. प्रत दोन जागी ठेवा. चोरीला गेलेला लॅपटॉप आणि बंद पडलेला पेनड्राइव्ह यांनी अनेकांची वर्षं खाल्ली आहेत.

विश्लेषण आणि लिखाण

सिनॉप्सिसमध्ये आखलेले रिकामे तक्ते भरायचे, एवढंच मुख्य काम. जामोवी हा स्टॅटिस्टिक्सचा प्रोग्रॅम मोफत मिळतो आणि पुरतो. टक्केवारीसोबत ९५ टक्के विश्वासमर्यादा द्या: १७२ पैकी ५२ म्हणजे ३० टक्के, आणि खरं प्रमाण साधारण २३ ते ३७ मध्ये. दोन बाय दोनच्या तक्त्यात एखादा अपेक्षित आकडा पाचाच्या खाली असेल तर काय-स्क्वेअर ही नेहमीची चाचणी सोडून फिशरची चाचणी लावा. मधुमेहाची वर्षं, भरतीचे दिवस असे आकडे एका बाजूला कललेले असतात; तिथे सरासरीऐवजी मध्यक द्या. वीस गोष्टींची वीसदा तुलना केली की एखादी नुसत्या योगायोगानेही ‘सिग्निफिकंट’ निघते, तिच्यावर निष्कर्ष बांधू नका. आणि ‘फरक दिसला नाही’ हा निकाल लपवू नका, त्यावर प्रबंध नापास होत नाही.

पाहणीच्या अहवालात काय काय यायला हवं, यासाठी स्ट्रोब ही २२ मुद्द्यांची यादी आहे. लिहून झाल्यावर ती घेऊन बसा. किती जणांना विचारलं, किती नाही म्हणाले, किती वगळले याचा ओघतक्ता द्या. मागच्यांची वाक्यं उचलू नका, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत साम्य १० टक्क्यांपर्यंतच चालतं. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाका. शेवटच्या आठवड्यात हाताने क्रमांक लावणाऱ्यांचे सतरा आणि अठरा नेहमी अदलाबदल होतात. सबमिशनची तारीख विद्यापीठाच्या परिपत्रकावरून घ्या, सीनियरच्या आठवणीवरून नाही, आणि गाइडला पूर्ण मसुदा त्याच्या दोन महिने आधी द्या.

संवेदना गेलेले जे रुग्ण सापडले, त्यांची यादी प्रबंध होईपर्यंत थांबवू नका. तपासणीच्याच दिवशी केसपेपरवर लाल शाईने नोंद करा, रोज रात्री तळवा आरशात बघायला शिकवा, अनवाणी चालू नका म्हणून सांगा, आणि एमसीआर नावाच्या मऊ रबराची चप्पल कुठे मिळते तो पत्ता कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.